कोंडवाड्यातली दारं

कुरणवाडी फाट्यावर ग्रामपंचायतीनं एस.टी.चा थांबा बांधला, तेव्हा त्याला दोन खोल्या काढल्या. एक मोठी, सगळ्यांसाठी. तिच्या कडेला एक लहान, बायकांसाठी. बायकांच्या खोलीला चार भिंती होत्या, उंचावर एक झरोका होता, आत सिमेंटचा कट्टा होता. दार मात्र राहून गेलं. आज बसवू, उद्या बसवू करता करता ते नऊ वर्षं राहिलं. आणि त्या मोकळ्या दारासमोर, व्हरांड्यात, चार हातांवर एक लांब बाकडं होतं. फाट्यावरची सावली तेवढीच, त्यामुळे त्यावर सकाळपासून माणसं बसलेली असायची. एखाद्याला गाडी धरायची असे, बाकीच्यांना कुठंच जायचं नसे.

बनाबाईला त्या खोलीचं कधी काही वाटलं नव्हतं. तिची स्वतःची पोरं बांधावर, पदराखाली वाढली होती. द्राक्षबागेत मजुरीला जायचं, झाडाला झोळी बांधायची, पोर रडलं की काम टाकून पाठमोरं बसायचं. शेतात माणसं असतात, पण ती आपापल्या कामात असतात. फाट्यावरच्या माणसांना कामच नव्हतं, हा फरक तिला सत्त्याण्णव सालच्या जूनमध्ये कळला.

त्या जूनमध्ये तिची सून दीक्षा बाळंतपणाची रजा संपवून शाळेत रुजू झाली. फाट्याच्या पलीकडेच हायस्कूल होतं. दीक्षा तिथं गणित शिकवायची. शाळेतली पहिली बाई शिक्षिका, आणि नोकरीचं पहिलंच वर्ष. मास्तरांची खोली एकच, तीत सात पुरुष. हेडमास्तरांनी आधीच सांगितलं होतं, "मॅडम, बाळ शाळेच्या आवारात नको. पोरांचं लक्ष उडतं." तिचा राजरत्न चार महिन्यांचा. बाटली तोंडाला लावली की ओकायचा. तेव्हा असं ठरलं, की दोनच्या मधल्या सुट्टीत बनाबाईनं बाळाला घेऊन गावातून फाट्यावर चालत यायचं आणि दीक्षानं रस्ता ओलांडून थांब्यावर येऊन पाजायचं.

पहिल्या दिवशी दीक्षा भिंतीकडे तोंड करून कट्ट्यावर बसली, आणि बनाबाई दाराच्या जागेत पदर पसरून उभी राहिली.

"बनाक्का, बस की गं," बाकड्यावरून अर्जुना म्हणाला. त्याची एक एकर बाग होती आणि ती त्याची बायको बघायची. "किती येळ उभी ऱ्हाशील? आमी काय तमाशा बघाय बसलोय व्हय?"

"तर मग तोंड तिकडं कर की," बनाबाई म्हणाली. "गाडी तिकडनं येती."

"आमाला कुटं गाडी धरायची हाय!"

बाकडं हसलं. आत दीक्षाची पाठ ताठ झाली, आणि बाळानं तोंड सोडून रडायला सुरुवात केली.

असं पंधरा दिवस चाललं. बाळाचं पोट भरत नव्हतं, दीक्षाचा डबा तसाच परत येत होता. एका संध्याकाळी ती भांडी घासता घासता म्हणाली, "आत्या, मी दिवाळीपर्यंत बघते. नाहीतर सुट्टी लागायच्या दिवशी राजीनामा देऊन टाकते."

"आन् मग?"

"मग काय? माझ्या जागेसाठी बाहेर लोक टपलेत. एकदा सोडली की गेली."

बनाबाई घासलेली भांडी पालथी घालत राहिली. या पोरीनं रोज सांगलीला सायकल आणि एस.टी. करून शिक्षण केलं होतं, ते तिला माहीत होतं. राग आला तो स्वतःचाच. कारण बनाबाई पंचायतीची मेंबर होती. बायकांची राखीव जागा आली तेव्हा वस्तीनं तिला उभं केलं आणि ती निवडून आली, त्याला दोन वर्षं झाली होती. कचेरीत तिला खुर्ची होती, पण ती दाराच्या मागं. दार आत उघडलं की बनाबाई खुर्चीसकट झाकली जायची. दोन बैठकांनंतर तिनं जाणं सोडलं. मग ग्रामसेवक सोपान दर महिन्याला ठरावाचं पुस्तक घेऊन तिच्या घरी यायचा, ती चहा टाकायची आणि तो बोट ठेवील तिथं सही करायची. बाकीच्या दोघी मेंबरणींचंही असंच चालायचं. त्याला कुणीच काही म्हणत नसे, त्याही म्हणत नसत.

जुलैच्या बैठकीला ती मुद्दाम गेली. दाराआडून खुर्ची ओढून पुढं घेतली.

"तात्या, बायकांच्या खोलीला दार पायजे."

सरपंच तात्याबांनी टोपी सारखी केली. माणूस वाईट नव्हता, चिकट होता. "देऊ की. दाराला काय तोटा हाय? कोंडवाडा भरलाय दारांनी."

ते खरं होतं. गावात मोकाट जनावरं राहिली नव्हती, तेव्हापासून पंचायत कोंडवाड्यात जुना माल टाकायची. कुठली इमारत पाडली, कुठलं दुकान मोडलं, की दारं-खिडक्या तिथं जायच्या. आणि तात्याबांचा नियमच होता, कोंडवाड्यातलं संपल्याशिवाय नवं घ्यायचं नाही.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दार आलं. ते बंद पडलेल्या सोसायटीच्या कचेरीचं लोखंडी, सरकतं, घडी होणारं जाळीचं दार होतं. दार रुंद आणि जागा अरुंद, म्हणून हुसेन गवंड्यानं एका बाजूची भिंत हातभर फोडून ते बसवलं. बनाबाई बाळाला घेऊन आली तेव्हा तो घमेलं धूत होता.

"हुसेनभाई, ह्यातनं तर आरपार दिसतंय!"

"दिसतंय की आक्का."

"मग बसवलं कशाला?"

"मला सांगितलं बसव, बसवलं. मी सांगत होतो तात्यांना. ते म्हनले, तू गवंडी हायस का मेंबर?"

दीक्षा त्या जाळीमागं बसली आणि बाहेरून अर्जुना म्हणाला, "आता कसं, पोलीस ठाण्यात बसल्यावानी वाटतंय बगा." बनाबाईनं जाळीवर चादर टाकली. दुसऱ्या दिवशी सोपाननं ती काढून घडी करून तिच्या घरी आणून दिली, वर सरकारी मालमत्तेवर कपडे वाळत घालू नयेत म्हणून सांगितलं. मग तिनं बेदाण्याच्या शेडवरून दोन बारदानं मागून आणली आणि सुतळीनं बांधली. ती कुणाच्या तरी म्हशीनं ओढली. बनाबाई तात्याबांच्या घरी गेली.

"दार मागितलं, दार दिलं," तात्याबा म्हणाले. "त्यातनं काय दिसावं न् काय न्हाई, ते ठरावात न्हवतं."

"मग आता ठरावात घाला. दिसाय नको असलं दार."

"घालू. चिडताय कशाला?"

सप्टेंबरात जाळी गेली आणि शटर आलं. पंचायतीचा मोडलेला दुकानगाळा होता, त्याचं. ते जाळीच्या दाराहून रुंद. हुसेननं दुसऱ्या बाजूचीही भिंत फोडली. आता खोलीला समोरची भिंत म्हणून फारसं काही उरलंच नव्हतं; सगळं शटरच होतं. पण ते खाली ओढलं की काही दिसत नव्हतं, हेही खरं. बाहेरच्यांना दिसत नव्हतं आणि आतल्यांनाही. झरोक्यातून येईल तेवढा उजेड, पत्र्याची धग, आणि कडी फक्त बाहेरून. दीक्षा आत, बनाबाई बाहेर राखणीला. दोन दिवस निभलं. बाळ घामाघूम होऊन का होईना, पोटभर प्यालं.

तिसऱ्या दिवशी शाळेची घंटा झाली, बनाबाईनं कडीला हात घातला, आणि शटर वीतभर वर येऊन अडकलं.

"आत्या, उघडा."

"उघडतीया की. थांब."

"घंटा झाली!"

अर्जुना उठला. खरं सांगायचं तर बाकड्यावरचे सगळेच उठले. एकानं खांदा लावला, एकानं कुठूनसा लोखंडी टॉमी आणला, एकानं नुसत्या सूचना केल्या. आत बाळ किंचाळत होतं. त्या वीतभर फटीतून दीक्षाचे पाय दिसत होते, एकसारखे इकडून तिकडे फिरणारे. कुणीतरी हुसेनला बोलवायला पळालं. तो येऊन स्प्रिंग सोडवेपर्यंत पंचवीस मिनिटं गेली. दीक्षा वाकून बाहेर आली तेव्हा तिचं पातळ पाठीला चिकटलेलं होतं, केस कपाळावर आले होते, आणि साठ-सत्तर माणसं जमली होती. त्यात नववीच्या वर्गातली तिची निम्मी पोरं. बाई आल्या नाहीत म्हणून ती बाहेर आली होती.

तिनं बाळ बनाबाईच्या हातात दिलं आणि रस्ता ओलांडून गेली. हेडमास्तरांनी तिला लेखी विचारणा केली. घरी आल्यावर ती त्याबद्दल चकार शब्द बोलली नाही. बोलली असती तर बनाबाईला बरं वाटलं असतं.

"आमी न्हाई का पाजली पोरं?" शेजारची धोंडुबाई पाण्याला आली तेव्हा म्हणाली. "कुटं दारं हुती आमाला?"

"न्हवती. म्हनून मी साळंत शिकवाय न्हवते गेले," बनाबाई फटकन म्हणाली, आणि मग आपण धोंडुबाईवर उगीच राग काढला म्हणून आणखी चिडली.

तिसरं दार पंधरा दिवसांनी लागलं. कचेरीला नवं काचेचं दार बसलं होतं आणि तिथली जुनी अर्धी दारं मोकळी झाली होती. लाकडी, मधल्या उंचीची, दोन्हीकडे झुलणारी. साहेबाच्या खोलीला असतात तसली. फोडलेल्या जागेत ती फारच लहान पडली, म्हणून हुसेननं दोन्हीकडे फळ्या ठोकून ती मध्ये टांगली. वरून डोकी दिसत, खालून पाय दिसत, आणि वारं सुटलं की दोन्ही पाखं फडफडून मधलंही सगळं दिसे. दारातून पटकन आत शिरणाऱ्या बाईच्या मागून पाख उलटून यायचं आणि पुढच्या बाईच्या कपाळावर बसायचं. धोंडुबाईला टेंगूळ आलं.

"बनाबाई, तीन दारं झाली," तात्याबा म्हणाले. "आक्ख्या तालुक्यात एका खोलीला तीन दारं कुनी दिली असली तर सांगा."

तीन दारं झाली होती खरी.

दसऱ्यानंतर बनाबाई साताऱ्याला गेली. तिच्या बहिणीची लेक नीलिमा तिथं इस्पितळात नर्स होती, तिच्या मुलीचं नाव ठेवायचं होतं. घुगऱ्या, पाळणा, बायकांची गर्दी, सगळं झालं, पण बनाबाईचं लक्ष कशात नव्हतं. नीलिमानं आग्रह करकरून वाढलं तरी ती दोन पुऱ्यांवर उठली. परतताना ती स्टँडवर आली. सांगलीची गाडी लागायची होती. ती बायकांच्या मुतारीकडे गेली आणि आत शिरल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण दार उघडलंच नाही.

ती परत बाहेर आली. दार नव्हतं. मोकळी जागा होती, आणि तिच्यापुढे दोन-अडीच हातांवर एक भिंत उभी होती. पुरुषभर उंच, खोलीच्या तोंडाहून थोडी लांब. भिंतीला वळसा घालून आत जायचं, वळसा घालून बाहेर यायचं. ना कडी, ना कुलूप, ना स्प्रिंग. बनाबाई स्टँडच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि तिथून बघितलं. काही दिसत नव्हतं. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. मग परत आत गेली, बाहेर आली, परत आत गेली.

झाडणाऱ्या बाईनं विचारलं, "मावशी, काय हरवलं का?"

"न्हाई गं. घावलं."

तेवढ्यात तिची गाडी गेली. पुढची अडीच तासांनी. तेवढा वेळ ती गाठोड्यावर बसून स्वतःवर जळफळत राहिली. चार महिने ती दार, दार म्हणून ओरडत होती. दार मागितलं म्हणून दारं मिळाली. तिला दार नकोच होतं मुळी. आडोसा हवा होता. कोंडवाड्यात भिंत कुठून असणार!

दुसऱ्या दिवशी हुसेनला घेऊन ती थांब्यावर गेली आणि हातानं मापं घेतली. खोलीचं तोंड आता भलतंच रुंद झालेलं, व्हरांडा उथळ. हुसेननं पट्टी टाकली, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "आक्का, भिंत हुईल. ठोकळे पडल्यात साळंच्या मागं. पन ती हितं यील," आणि त्यानं बाकड्यावर हात ठेवला. अर्जुनानं पाय वर घेतले.

"बाकडं हलनार न्हाई," तात्याबा म्हणाले.

"का?"

"माज्या बाचं नाव हाय त्याच्यावर."

"नाव ऱ्हाऊ द्या की तात्या. बाकडं तेवढं पलीकडच्या अंगाला घ्या."

"पलीकडं दिवसभर ऊन असतंय. मानसं बसनार कशी?"

बनाबाई त्यांच्याकडे बघतच राहिली. जाळी, शटर, झुलती पाखं, इतक्या भिंती फोडल्या, इतकी दारं हलवली. हलायचं नव्हतं ते एवढंच होतं. ती घरी आली.

दिवाळीच्या सुट्टीला पाच दिवस राहिले होते. दीक्षानं वहीतलं पान फाडून राजीनामा लिहिला होता. तो तिच्या पर्समध्ये होता, आणि हे तिनं सासूला सांगितलंही होतं.

त्या आठवड्यात सोपान पुस्तक घेऊन आला. पाण्याच्या टाकीचा ठराव होता, तो दुसऱ्या दिवशी तालुक्याला पोचायलाच हवा होता. सात मेंबरांपैकी चौघांच्या सह्या पाहिजेत. एक मेंबर मिरजेला दवाखान्यात होता, आणखी दोघे छाटणीच्या घाईत मजूर आणायला कर्नाटकात गेले होते. उरले चौघे, त्यात बनाबाई.

"मावशी, च्या नको. तेवढी सही करा."

"म्या आता घरात सही करत न्हाई. दोन वाजता थांब्यावर ये. बायकांच्या खोलीत."

"तितं कशाला?"

"पंचायतीचीच जागा हाय न्हवं?"

दोन वाजता सोपान आला आणि अर्ध्या दारांच्या बाहेर थांबला. आत दीक्षा पाजत होती. त्यानं चटकन मान फिरवली आणि पुस्तक पाठीमागून आत सरकवलं.

"ये की आत," बनाबाई म्हणाली.

"आत बाईमानसं हायती."

"दिसत्यात व्हय तुला?"

सोपाननं पुस्तक आणखी आत सरकवलं.

"दिसत्यात का न्हाई, सांग."

"दिसत्यात," तो रस्त्याकडे बघत म्हणाला.

"मग लिही. आडभिंत बांधायची न् बाकडं पलीकडं घ्यायचं. आदी त्यावर सही करते, मग टाकीवर."

"सरपंचांस्नी इचारावं लागंल."

"मग जा. मी हाय हितंच."

सोपान सायकल दामटत गेला आणि तात्याबांच्या मोटारसायकलवर मागं बसून परत आला. बाकड्यावरची माणसं सरकून बसली. तात्याबा तावातावानं दारापाशी आले आणि तिथं आल्यावर त्यांना काय करावं सुचेना. आतून त्यांची टोपी दिसत होती, खाली धोतर आणि वहाणा दिसत होत्या. मग ती टोपी गर्रकन फिरली, वहाणाही फिरल्या, आणि ते पाठमोरे उभे राहून रस्त्याला सांगू लागले, "बनाबाई, गावाचं पानी अडवू नगा. सही करा."

"तात्या, तोंड हिकडं करून बोला की."

"कसं करू?"

"का? दार हाय की."

बाकड्यावर कुणी हसलं नाही. वारं आलं, पाखं फडफडली आणि तात्याबांच्या पाठीला एक पाख लागलं. त्यांनी दचकून एक पाऊल पुढं टाकलं, ते थेट बाकड्याला जाऊन भिडले. बाकड्यावरून पाच-सहा तोंडं त्यांच्याकडे, म्हणजेच खोलीकडे, लागलेली होती. ती तोंडं तात्याबांनी त्या बाजूनं कधी बघितली नसावीत. ते तिथल्याच एका माणसाला म्हणाले, "अर्जुना, तुला काय कामधंदा हाय का न्हाई रं?"

"आमी रोज हितंच असतो की तात्या."

"ऊठ. उठा समदी." आणि मग सोपानला, मान न वळवता, "लिही तिच्यायला."

सोपाननं बाकड्याच्याच कडेवर पुस्तक टेकवून ठराव लिहिला. बनाबाईनं तो दीक्षाकडून मोठ्यानं वाचून घेतला, मग दोन सह्या केल्या.

हुसेननं दुसऱ्या दिवशी पाखं उतरवली आणि पाया खणला. बाकडं उचलायला सहा जण लागले. पलीकडच्या उन्हात ठेवल्यावर त्यावर एकजण दहा मिनिटं बसला आणि उठून गेला. भिंतीचे तीन थर झाले, मग चौथा झाला, आणि सिमेंट संपलं. पंचायतीत विचारलं तर सोपान दिवाळीला गावी गेलेला. सुट्टीच्या आधीच्या शेवटच्या दिवशी भिंत कमरेएवढी होती.

दोन वाजता दीक्षा आली. भिंतीकडे तिनं बघितलं. कट्ट्यावर बसायला गेली, पण कट्ट्यावर बसलं की डोकं आणि खांदे वर येत होते. ती उठली, भिंतीच्या आतल्या अंगाला खाली फरशीवर मांडी घालून बसली आणि बाळाला घेतलं. बनाबाई सवयीनं पदर पसरून उभी राहायला गेली.

"आत्या, तुम्ही बसा. तुम्ही उभ्या राहिलात की लोक बघतात."

बनाबाई बसली. बाहेरून गाडी आली, माणसं उतरली, कुणी विडी पेटवली, कुणी तासगावची गाडी कधी म्हणून विचारलं, सगळं ऐकू येत होतं. बाळ एकसारखं पीत होतं, मधे थांबून दम घेत होतं आणि परत पीत होतं. दीक्षानं एका हातानं डबा उघडला आणि भाकरी मोडली. जूनपासून पहिल्यांदा तिनं थांब्यावर घास खाल्ला.

भिंतीपलीकडून हुसेनचं डोकं वर आलं. लगेच खाली गेलं.

"आक्का, मी बगत न्हाई. सांगाय आलोय, वरलं काम आता दिवाळी झाल्यावर."

"दिवाळी झाल्यावर कवा?"

"सिमेंट आलं की."

"सिमेंट कवा यील?"

"ते तात्यांना इचारा. मला काय म्हाईत?"

घंटा झाली. दीक्षानं बाळाला खांद्यावर घेऊन थोपटलं, पदर सारखा केला आणि उभी राहिली. उभी राहिल्याबरोबर कमरेच्या वरची सगळी दीक्षा रस्त्याला दिसायला लागली. समोर शाळेच्या पायरीवर हेडमास्तर उभे होते. तिनं एकदा पर्सवर हात ठेवला, एकदा भिंतीवर ठेवला. भिंत अजून ओली होती. बोटांना सिमेंट लागलं, ते तिनं भिंतीलाच पुसलं.

"सतरा तारखेला शाळा उघडते," ती म्हणाली. "तोवर वरची होईल ना?"

"हुईल."

"नक्की?"

"हुईल म्हनलं न्हवं!"

दीक्षा रस्ता ओलांडून गेली. हेडमास्तरांच्या शेजारून ती वर चढली, पर्स उघडली नाही, आणि वर्गाकडे वळली. बनाबाईनं बाळाला कडेवर घेतलं. घरी चूल, पाणी, फराळाची तयारी सगळं पडलं होतं. ती गावाकडे निघाली, पण वस्तीच्या वाटेला वळली नाही. सरळ तात्याबांच्या घराकडे चालू लागली.